पुढचे चार, हवे तसे

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. ज्यानं म्हटलं त्यानं माझी लॅब बघितलेली नसणार. छत्तीस वर्षं मी दात कोरतोय आणि पोट नुसतं भरलेलं नाही, चांगलं सुटलंय.

लॅब म्हणजे दोन खोल्या. खाली चाव्या करून देणारा बसतो, वर मी. लोकांना वाटतं, दात डॉक्टर बसवतो म्हणजे डॉक्टरच बनवतो. डॉक्टर काय करतो ते मी सांगतो. तुमचा दात घासून त्याचा खुंट करतो, रबरासारख्या लगद्यात तोंडाचं माप घेतो, एका डबीत ते माप घालतो, वर चिठ्ठी खरडतो आणि डबी माझ्याकडे पाठवतो. मग माझी बायको त्या मापात प्लास्टर ओतते. प्लास्टरचं तोंड तयार होतं. त्या तोंडातल्या खुंटांवर मी चिनी मातीचा थर देतो, भट्टीत भाजतो, घासतो, पुन्हा थर देतो. ही भाजलेली माती एकाच खुंटावर बसली की तिला कॅप म्हणतात. दोन्हीकडच्या खुंटांना धरून मधला पडलेला दात भरून काढला की त्याला ब्रिज म्हणतात. डबी परत जाते, डॉक्टर सिमेंट लावून चिकटवतो आणि पेशंट डॉक्टरचे आभार मानतो. मला कुणी ओळखत नाही. माझी तक्रार नाही. मलाही त्यांना ओळखायचं नसतं. प्लास्टरच्या तोंडाला वास येत नाही आणि ते बोलत नाही. तोंड असावं तर असं.

आता माणसांच्या दातांबद्दल माझं मत विचाराल, तर देवानं हे काम घाईत उरकलंय. कुणाचा दात पुढे, कुणाचा आडवा, कुणाचे दोन दात भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ करून उभे. खिडकीजवळच्या फळीवर मी असले नमुने मांडून ठेवले होते. प्रत्येकाच्या खाली प्लास्टरवर पेन्सिल दाबून नाव लिहिलेलं. एक 'उंदराचं बीळ', एक 'भांडखोर जावा', एक 'पडकी शाळा'. सामान विकायला येणारा एजंट महिन्यातून एकदा यायचा आणि आधी फळीपाशी जायचा. "काका, नवीन काय?" मी दाखवायचो. दोघं पोट धरून हसायचो. बायको आत प्लास्टर कालवत असायची. ती हसायची नाही. पण ती कशालाच हसत नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

डॉक्टर मंडळी तर विचारूच नका. त्यातला एक, जवळच्या गल्लीतला, तरुण, सारखा हसणारा. दवाखान्यात माशांची काचपेटी, पेशंटपेक्षा माशांची काळजी जास्त. माप घेतो ते अर्धं, त्यात बुडबुडे. आणि अक्षर असं की काना कुठे, मात्रा कुठे, सगळी आपापल्या मर्जीनं हिंडणारी. त्याच्या चिठ्ठ्या मी अंदाजानं वाचतो आणि त्याचं जे चुकलंय ते गुपचूप दुरुस्त करून पाठवतो. तो म्हणतो, "काका, तुम्ही आहात म्हणून निभतंय." मी म्हणतो, "ते आहेच."

तर या हसऱ्याकडून एकदा डबी आली. वरचे पुढचे चार. एक मुळासकट गेलेला, शेजारचा अर्धा तुटलेला, दोन्ही बाजूचे दोन आधारासाठी घासलेले. डबीत मापाबरोबर आणखी एक वस्तू होती, जुन्या कापडात गुंडाळलेली. बायकोनं ती सोडली. प्लास्टरचा नमुना, पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या.

"अहो, हा कुणाचा? बराच जुना दिसतोय."

मी हातात घेऊन बघितला आणि मला हसू आवरेना. पुढचा एक दात चक्क तिरका वळून शेजारच्याच्या अंगावर चढलेला, त्याच्या बाजूला फट, आणि पलीकडचा आत दबून बसलेला. गाडीनं धक्का दिल्यावर कुंपण झुकावं तसं ते सगळं दिसत होतं.

"डॉक्टरनं ड्रॉवर आवरला असेल. कचरा आमच्या गळ्यात," मी म्हणालो.

"चिठ्ठी नीट वाचा एकदा," ती म्हणाली.

"छत्तीस वर्षं चिठ्ठ्याच वाचतोय. तू प्लास्टरकडे बघ."

आणि मी चिठ्ठी वाचली. रंगाचा नंबर होता, आणि खाली एक ओळ. पुढचे चार, हवे तसे. मी ती दोनदा वाचली, कारण असं मला कुणी कधी लिहिलं नव्हतं. सगळे लिहितात पांढरे करा, लवकर करा, मागच्यासारखे नकोत. 'हवे तसे' म्हणजे तुम्हाला योग्य वाटतील तसे. शेवटी त्या मासेवाल्याला अक्कल आली होती. काकाला मोकळा हात दिला की काय होतं ते बघायचं होतं त्याला. ठीक आहे, म्हटलं, दाखवतो.

पिवळ्या नमुन्याला मी फळीवर जागा केली आणि खाली नाव कोरलं, 'मोडकं कुंपण'. चिठ्ठी टेबलावरच्या खिळ्यात टोचली आणि कामाला बसलो.

नऊ दिवस लागले. खोटं कशाला बोलू, तसे दात मी आयुष्यात केले नव्हते. कडेला उजेड आरपार जाईल इतका पातळ थर, आत किंचित निळसर झाक, मुळाशी थोडा उबदार रंग. चारही एका ओळीत आणि तरी छापातून काढल्यासारखे नाहीत. बायकोसुद्धा म्हणाली, "देखणे झालेत." मग म्हणाली, "कुणाचे आहेत?" मी म्हणालो, "माझे."

डॉक्टरचा फोन आला. "काका, भलतेच सुंदर झालेत. एवढे सरळ होतील असं वाटलं नव्हतं. कच्च्या सिमेंटवर लावून ठेवतो, पंधरा दिवस वापरून बघू दे." एवढे सरळ म्हणजे काय, मी मनात म्हटलं, वाकडे करायला मी तुझ्याकडे शिकलो नाही.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी जेवण उरकून मी बसलो होतो, तर जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक माणूस उभा. पंचेचाळिशीचा, बारीक, दाढी गुळगुळीत, हातात कोपरे झिजलेली काळी पेटी. वरच्या ओठाच्या मध्यावर गोल वळ. तो "नमस्कार" म्हणाला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण त्या तोंडात माझे दात होते. ओठांमागे माझं काम कसं दिसतं ते मी कित्येक वर्षांत बघितलेलं नव्हतं. छाती फुगली, दुसरं काय.

"डॉक्टर म्हणाले, वर जाऊन दाखवा. मी बँडमध्ये असतो. ट्रम्पेट वाजवतो," तो म्हणाला. स म्हणताना थोडी शीळ ऐकू येत होती.

पिपाणीवाला. माझं आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम एका पिपाणीवाल्याच्या तोंडात. गाढवाला गुळाची चव काय, असं माझ्या मनात आलं, आणि चेहऱ्यावरही आलं असणार.

"दुखतात का?" मी विचारलं.

"नाही."

"हलतात?"

"नाही. छान आहेत. घरी सगळे म्हणतात, तरुण दिसतोस. पण वाजत नाही."

"दात वाजत नसतात. वाजवणारा वाजवतो."

त्यानं पेटी उघडली, ट्रम्पेट काढली, ओठांना लावली आणि फुंकली. आधी नुसती हवा गेली, सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. मग सूर आला, चिरकला आणि बंद पडला. त्यानं ओठ पुसले, पुन्हा लावली. कपाळावरची शीर फुगली. पुन्हा हवाच. बायको आतून दारात येऊन उभी राहिली होती. हाताला प्लास्टर तसंच.

"बावीस वर्षं बँडमधली पहिली ट्रम्पेट, मुख्य वाजवणाऱ्याची, माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "पडलो, दात गेले, तेव्हा बँडमास्तरांनी दोन महिने थांबतो म्हणून सांगितलं. ते संपले. सोमवारी ते मला ऐकणार. वाजलं तर जागा माझी. नाही तर दुसरा माणूस त्यांनी बघून ठेवलाय. मला दुसरं काही येत नाही."

आता इथे एखाद्या भल्या माणसाला दया आली असती. मला राग आला. माझ्या दातांवर खापर फोडायला हा जिना चढून आला होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो. तोंडावर म्हणालो.

तो रागावला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "अंगण वाकडंच होतं, साहेब. तेव्हा नाचता येत होतं."

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि तेही लहान मुलाला सांगावं तसं, हळूहळू. त्याचा एक दात तिरका होता. त्याच्या बाजूला फट होती. ट्रम्पेटचं तोंड त्याच तिरक्या दाताच्या आधारानं टेकायचं आणि ओठ त्या फटीपाशी मोकळा राहून थरथरायचा. बावीस वर्षं ओठाला तीच जागा माहीत. आता तिथे भिंत होती. गुळगुळीत, सुंदर भिंत.

"मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," तो म्हणाला. "फुंकून पोट भरायचं असेल तर आधी दातांचा साचा करून घरात ठेव. दात कधी दगा देतील सांगता येत नाही. तेव्हा करून घेतला. बिस्किटांच्या डब्यात इतकी वर्षं जपला. तो तुमच्याकडे पाठवला होता ना?"

"कसला साचा?" मी म्हणालो. "आमच्याकडे असलं काही आलेलं नाही."

छातीवर हात ठेवून सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यात ती वस्तू साचा नव्हतीच. तो डॉक्टरचा कचरा होता, आणि नंतर माझी गंमत होती.

"डॉक्टरनं हरवला असेल," मी म्हणालो. "त्याला माशांमधून वेळ मिळाला तर ना. थांबा, तुमच्यासमोरच विचारतो."

मी फोन लावला आणि त्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली. लोकांच्या पोटावर पाय देता, वस्तू सांभाळता येत नाहीत, चिठ्ठीत धड लिहिता येत नाही. बिचाऱ्यानं मला पूर्ण बोलू दिलं.

"काका," तो म्हणाला, "साचा डबीतच होता. कापडात गुंडाळून. मी लिहिलंसुद्धा होतं."

"काय लिहिलं होतं? चिठ्ठी माझ्यासमोर आहे. वाचून दाखवतो." मी खिळ्यातली चवड उपसली, ती चिठ्ठी शोधली आणि मोठ्यानं वाचली. "पुढचे चार, हवे तसे."

"होते तसे," डॉक्टर म्हणाला. "होते तसे, काका. साच्यात होते तसे."

मी चिठ्ठी उजेडाकडे धरली. ह होता. त्याला काना होता, ह-ला चिकटून, अगदी स्पष्ट. वरची मात्रा होती. आणि ज्याला मी व म्हणत होतो त्याला त म्हणायला काहीही अडचण नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोडकं कुंपण."

तो खिडकीजवळच्या फळीपाशी उभा होता. दुकानाची पाटी वाचावी तसं त्यानं ते वाचलं होतं. मग दोन्ही हातांनी तो साचा उचलला, उलटा केला आणि खालची बाजू बघितली. तिथे कुणीतरी खूप वर्षांपूर्वी तारीख कोरलेली होती, जी मी कधी बघितली नव्हती. शेजारचे नमुनेही त्यानं बघितले, एकेक नाव वाचत. 'उंदराचं बीळ'. 'पडकी शाळा'. फोनमध्ये डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन ठेवला.

तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्यांशी मला ओरडता येतं. त्यानं साचा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सोमवारपर्यंत होईल?"

"शनिवारी देतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी बायकोवर घसरलो. दुसरं कोण होतं तिथे?

"तू वाचली होतीस चिठ्ठी?"

"वाचली होती. होते तसे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, प्लास्टरकडे बघ." तिनं हात धुतले, साच्याखालचं नाव ओल्या फडक्यानं पुसायला लागली. पेन्सिल गेली, पण मी इतकं दाबून लिहिलं होतं की अक्षरं प्लास्टरमध्ये खणली गेली होती. ती घासत राहिली, मग तिनं नाद सोडला.

मला वाटलं होतं, वाकडं करायला काय लागतं. सरळ करायला कसब लागतं, वाकडं तर कुणीही करेल. बसलो आणि तासाभरात कळलं की मला वाकडा दात करता येत नाही. साचा समोर ठेवून थर द्यायचो आणि हात आपोआप दात सरळ करायचा. तिरका दात माझ्याकडून थोडा कमी तिरका व्हायचा. फट थोडी बुजायची. दबलेला दात शहाण्यासारखा ओळीत यायचा. पहिली खेप भट्टीतून काढली आणि बायकोनं साच्याशेजारी ठेवून बघितली. "हा पुन्हा तुमचाच झालाय," ती म्हणाली. मी तो फोडला. छत्तीस वर्षं मी एकच दात करत आलो होतो, जगातल्या सगळ्या तोंडांत तोच एक घालत होतो आणि त्याला कसब म्हणत होतो. स्वतःची एवढी कीव आणि एवढी चीड मला कधी आली नव्हती.

मग आम्ही दोघं बसलो. ती कागदाची बारीक पट्टी साच्यातल्या फटीत घालून बघायची आणि मग माझ्या कामात घालून बघायची. "अजून," म्हणायची. "इथे अजून फुगीर. हा कोपरा झिजलेला आहे, तुमचा नवा कोरा आहे." कोपरा झिजलेला होता कारण साचा घेतला तेव्हाच तो दात चौदा-पंधरा वर्षं वापरलेला होता, ती झीजही मला करावी लागली. शुक्रवारचा अख्खा दिवस गेला. शनिवारी सकाळी भट्टीतून ब्रिज निघाला तेव्हा तो चारचौघांत दाखवण्यासारखा नव्हता. साच्याशेजारी ठेवला तर कुठला कुठला ते सांगता येईना.

डबी कुणाबरोबर पाठवायचा धीर झाला नाही. मी स्वतः दवाखान्यात गेलो, साचा खिशात घेऊन. ट्रम्पेटवाला खुर्चीत होता. डॉक्टरनं माझे देखणे चार काढले, ताटलीत टाकले, आणि नवे बसवले. निळा कागद दातांत धरून "चावा, घासा, पुन्हा चावा" झालं. माशांच्या पेटीतला पंप बुडबुडत होता. मग ट्रम्पेटवाल्यानं आपली काळी पेटी उघडून ट्रम्पेट काढली.

त्यानं आधी जिभेनं तो तिरका दात चाचपला. एकदा, दोनदा. घरी आल्यावर अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं. मग ट्रम्पेट लावली आणि एकच सूर काढला, लांब. इतका स्वच्छ की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून दारात आले. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण तो सूर चिरकला नाही, एवढं कळलं.

डॉक्टर टाळ्या वाजवायला लागला. हसरा तो. मी साचा खिशातून काढून पुढे केला.

"तुमची वस्तू. नाव पुसायला बघितलं. निघालं नाही," मी म्हणालो. माफी मागायचं ठरवून आलो होतो. एवढंच निघालं.

त्यानं साचा घेतला, त्या खणलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या अक्षरापेक्षा बरं आहे. वाचताना चूक होत नाही."

आणि पेटी उचलून निघून गेला.

सोमवारी बँडमास्तरनं त्याला ऐकलं आणि जागा त्याचीच राहिली, हे मला खालच्या चावीवाल्याकडून कळलं. मला कळवावं असं त्याला वाटलं नाही, आणि का वाटावं?

फळीवरचे बाकीचे नमुने मी त्याच आठवड्यात फोडून टाकले. फळी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर मधोमध डॉक्टरनं परत पाठवलेले माझे ते देखणे चार दात ठेवलेले, आणि त्यांच्याखाली डॉक्टरची चिठ्ठी, दुमडून उभी केलेली. ते कुणाचं काम हे विचारायची गरज नव्हती. मी हात लावला नाही.

महिन्याअखेरीस एजंट आला, बॅग ठेवली, आणि सवयीनं सरळ फळीपाशी गेला.

"काका, सगळं रिकामं? आणि हे काय नवीन?" तो वाकला आणि चिठ्ठी वाचली. चष्मा न लावता, न अडखळता, एका दमात. "पुढचे चार, होते तसे." मग दातांकडे निरखून बघितलं. "हे तर सुंदर आहेत. यात हसण्यासारखं काय आहे?"

बायको आतून हात पुसत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"सांगा की," ती म्हणाली.